दहा हजार व्होल्ट आणि एक रिकामा रकाना

“मशीन गेलं. तुम्ही हात लावलात आणि गेलं.”

देसाई सरांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. मी पेणला रामवाडीतल्या माझ्या दुकानात एका वजनकाट्याचा बोर्ड उघडून बसलो होतो. हातात गरम सोल्डरिंग आयर्न तसंच राहिलं.

“सर, नेमकं काय होतंय?”

“दहा मिनिटं चालतं, मग चित्र फुगतं, मग गायब. तुमच्याकडे द्यायच्या आधी चालत होतं.”

“सर, चालत नव्हतं म्हणूनच माझ्याकडे आलं होतं.”

“हुज्जत नको. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. रिपोर्ट तयार आहे. चुकीच्या हाताळणीमुळे कायमचं निकामी. कमिटीवर एमआयडीसीतले तीन इन्स्ट्रुमेंटवाले आहेत, त्यांनाही कळू दे. आठवी शिकलेल्या माणसाच्या हातात दिलं, ही आमचीच चूक.”

फोन ठेवून दिला.

त्या तिघांच्या कंपन्यांतले मीटर मीच तपासतो. गेटवर माझा पास त्या तिघांच्या सहीनं निघतो. ‘चुकीची हाताळणी’ हे दोन शब्द त्यांच्यासमोर वाचले गेले, की रोह्यातली सगळी गेटं मला बंद. आणि मी आठवी शिकलोय हे सरांना दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं होतं, त्यांच्याच लॅबमध्ये चहा पिताना, भोळेपणानं. माणसानं विश्वासानं सांगितलेलं असं परत तोंडावर फेकायचं असतं का? संध्याकाळपर्यंत माझं डोकं शांत झालं नाही.

आधी यंत्राविषयी सांगतो. ऑसिलोस्कोप म्हणजे वीज कशी हलते ते पडद्यावर रेषेनं दाखवणारं यंत्र. डॉक्टर हृदयाचा आलेख बघतात, तसं आम्ही सर्किटचं बघतो. हल्लीचे स्कोप डब्याएवढे असतात. हा जुना, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत पेटणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला, परदेशातून आलेला, दोन माणसांनी उचलायचा. रोह्याच्या एका कारखान्यानं तो भंगारात काढला तेव्हा तिथले टेक्निशियन म्हात्रेकाका यांनी मागून घेतला, आणि रिटायर झाल्यावर रोह्यातल्याच या खाजगी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटला देऊन टाकला. लॅब देसाई सर सांभाळतात.

म्हात्रेकाका नसते तर मी कुठं असतो ते मला ठाऊक नाही. मी हिंगोलीकडचा. हायवेच्या कामावर आलेल्या टोळीबरोबर पेणला आलो. काम जनरेटरमध्ये डिझेल भरायचं. जनरेटर बंद पडला की नुसतं बसवत नसे, उघडून बघायचो. एकदा काकांना दुरुस्तीला बोलावलं होतं. मी सुटं करून ठेवलेलं त्यांनी बघितलं.

“तुला कुनी शिकवला?”

“कुणी नाही.”

“मंग मी शिकवतो. पन पयला एक हात खिशात ठेवायला शिक.”

ही चेष्टा नव्हती. हाय व्होल्टेजवर काम करताना एक हात यंत्रात, दुसरा खिशात. दोन्ही हात आत असले आणि शॉक बसला, तर करंट एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात जातो. वाटेत हृदय असतं. हे मी पहिल्या दिवशी शिकलो. बाकीचं सगळं त्यांच्या ओटीवर बसून, काकूंच्या हातची तांदळाची भाकरी खात शिकलो. लांबच्या मुलखातल्या माणसाला कुणी ताट वाढून दिलं की ते आयुष्यभर लक्षात राहतं.

बुधवारी टेम्पो घेऊन स्कोप आणायला गेलो. सरांनी तो इन्स्टिट्यूटच्या गेटवरच आणून ठेवला होता. वर एक फॉर्म.

“हा गेल्या वेळी अर्धवट भरलात. परत आणताना पूर्ण भरून आणा.”

फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘तंत्रज्ञाची शैक्षणिक पात्रता’. जुलैमध्ये मी तो रिकामा ठेवला होता. सरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं, बोटानं दोनदा टकटक केलं, आणि आत गेले.

नागोठण्यापर्यंत मी टेम्पोवाल्याला सरांविषयी ऐकवत होतो. पुढं फोनवर काकांना ऐकवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

“उघडून बघितलास?”

“नाही अजून. काका, पण ते बोलले कसे—”

“मंग कशाला बोंबलतंस? आधी बघ. चूक तुजी नसली तर दोघं मिलून बोंबलू.”

एक कबूल करतो. मला रागाइतकीच भीती वाटत होती. जुलैमध्ये मी त्याच स्कोपच्या हाय व्होल्टेज भागात तीन कपॅसिटर बदलले होते. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी डबी. जुन्या डब्या गळायला लागतात. बदलले तेव्हा स्कोप माझ्याकडे तीन दिवस सलग चालला होता. पण सोल्डर कुठं कच्चा राहिला असेल तर? मी कुलूप लावून घरी गेल्यावरही गॅस बंद केला का ते बघायला परत येणारा माणूस. मला स्वतःचाच भरवसा नसतो.

सकाळी स्कोप चालू केला. पहिली दहा मिनिटं रेघ बारीक, स्वच्छ. मग चित्र हळूहळू मोठं व्हायला लागलं, पडद्याबाहेर गेलं, अंधुक झालं आणि विझलं. सरांनी सांगितलं ते खरं होतं.

चित्र फुगतं म्हणजे काय? पिक्चर ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पुढं पडद्यावर आदळतात. त्यांना पळवायला मागं उणे साडेतेराशे आणि पडद्याकडे अधिक साडेआठ हजार, असे मिळून जवळपास दहा हजार व्होल्ट लागतात. व्होल्ट कमी पडले की इलेक्ट्रॉन हळू होतात. जोरात जाणारी गाडी वळवायला ताकद लागते, हळू चाललेली गाडी नुसत्या बोटानं वळते. तसं चित्र गरजेपेक्षा जास्त वळतं, म्हणून फुगतं. आणि इलेक्ट्रॉन जोरात आदळत नाहीत, म्हणून अंधुक होतं. म्हणजे कुठंतरी हाय व्होल्टेज गळत होतं.

हाय व्होल्टेज मोजायला मीटरला वेगळी लांब कांडी असते, प्रोब, ती लावली. एक हात खिशात. उणे साडेतेराशे. दहाव्या मिनिटाला बाराशे. मग हजार. मग नऊशे, आणि रेघ गेली.

स्कोप बंद केला. प्लग काढला. काठीला बांधलेल्या वायरनं उरलेला चार्ज जमिनीत सोडला. परत सोडला. आणि तिसऱ्यांदा. काकांनी एकदा सोडायला शिकवलंय, उरलेल्या दोन वेळा माझ्या.

आधी माझे तीन कपॅसिटर काढून तपासले.  तिघेही चांगले, थेंबभर गळती नाही. जीव थोडा भांड्यात पडला. पण मग वाईट शंका आली ती ट्रान्सफॉर्मरची. हे जुने ट्रान्सफॉर्मर आतून दमट होतात, गरम झाले की दम सोडतात. आमच्याकडची खाडीची हवा तर लोखंडाला सोडत नाही. तो गेला असेल तर नवीन मिळत नाही. मग चूक कुणाचीही असो, स्कोप संपला आणि रिपोर्ट तसाच जाणार.

काकांना फोन केला.

“घरात तीन भाव भांडतान,” काका म्हणाले, “एकेकाला भायेर काढ. ज्यो भायेर गेल्यावर भांडन थांबला, त्यो चोर.”

ट्रान्सफॉर्मरमधून दोन वाटा निघतात. एक मागच्या उणे बाजूला, एक पुढच्या साडेआठ हजाराच्या बाजूला. पुढची वाट सोडवली आणि स्कोप चालू केला. आता पडद्यावर काही दिसणार नव्हतं, पण मीटर बघायचा होता. साडेतेराशे. दहा मिनिटं, साडेतेराशे. चाळीस मिनिटं, साडेतेराशे. काटा हलला नाही.

ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. चोर साडेआठ हजाराच्या बाजूला.

वाट परत जोडली. दुकानातली गोधडी डोक्यावरून घेतली, जुन्या फोटोवाल्यासारखी, स्कोपसकट. भर दुपारी आत काळोख केला. हात दोन्ही बाहेर, फक्त डोळे आत. बाराव्या मिनिटाला दिसलं. वायरी जिच्यावर सोल्डर करतात त्या चिनी मातीच्या पट्टीवर जांभळा उजेड गांडुळासारखा सरकत होता. बारीक चरचर, आणि झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास. वीज वायर सोडून पट्टीच्या पाठीवरून चालली होती.

बंद केला, चार्ज तीनदा सोडला, पट्टीवर टॉर्च मारला. पट्टी पांढरी असायला हवी. ती चमकत होती. कान साफ करायच्या काडीवरचा कापूस ओला करून फिरवला. कापूस तांबूस झाला. धातूची पावडर. हाय व्होल्टेजच्या खोक्यात सगळीकडे, आणि बाकीच्या यंत्रात जवळपास नाही. त्याचं कारण सोपं आहे. हाय व्होल्टेज धूळ ओढून घेतं. घरातल्या जुन्या टीव्हीच्या काचेवर धूळ बसायची, तेच. फक्त इथली धूळ धातूची होती. तिच्यात लॅकर होतं, रंग चिकटून बसायला घालतात ते. ते गरम झालं की गळती वाढायची, म्हणून पहिली दहा मिनिटं बरी जायची.

आनंद व्हायला हवा होता. उलट मी शेजारच्या पत्र्याच्या भिंतीकडे बघितलं.

कारण माझ्या दुकानाला लागून मंदाताईंची मूर्तींची शेड आहे. मंदाताई हमरापूरच्या. गणपती झाले की देवीच्या मूर्ती, देवी झाल्या की पुढच्या वर्षाचे गणपती. वर्षभर त्यांच्याकडे रंग फवारायचा कंप्रेसर धडधडतो. आणि जुलैमध्ये मी स्कोप तीन दिवस उघडा चालवला होता. मधली भिंत पत्र्याची, वर मोकळी. म्हणजे सर खरंच बोलत होते? मी ज्यांना दोन दिवस शिव्या घालत होतो ते बरोबर, आणि पावडर माझ्याच बाकावर बसलेली?

अर्धा तास मी तसाच बसलो. कुणी बघितलेलं नव्हतं. पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मला कळलं असतं, आणि मी गॅस बघायला परत येणारा माणूस.

कापसाची काडी घेऊन शेडमध्ये गेलो. मंदाताई देवीच्या डोळ्यांची आखणी करत होत्या. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. बुबुळ पुरं होईपर्यंत मी दारात उभा राहिलो.

“काय वो गोविंदभाव, तोंड असला का झालाय?”

“ताई, ही पावडर तुमची का?”

त्यांनी काडी हातात घेतली. “सुमन गो, ती लाइट हिकडं कर,” त्यांनी हाताखालच्या मुलीला सांगितलं. उजेडात धरून फिरवली, बोटांत चुरडली.

“ही आमची नाय.”

“नक्की?”

“पंचवीस वर्सं देवाला दागिने घालतेय मी! आमची सोनेरी पिवली असते. ही बघा, तांब्यावर जाते. ही मखरवाले मारतान, जुन्या पितलंसारखा दिसाया.”

“पण तुमच्या कंप्रेसरमधून उडून—”

“कंप्रेसरनी आमी अंगाचा रंग मारतो. सोना ब्रशनी भरतो, एकेक मणी. सोना काय हवेत उडवायचाय? तुमची लाइन वायेरची, माजी ही. आमच्यातला उडून आला असता तर तुमचा मशीन गोरागुलाबी झाला असता.”

सुमन हसायला लागली. मीही हसलो, दोन दिवसांत पहिल्यांदा. कापूस परत बघितला. गुलाबी एक कण नव्हता.

शुक्रवारभर साफसफाई. मऊ ब्रश, अल्कोहोल, काड्यांची तीन पाकिटं. साडेआठ हजाराच्या बाजूच्या एका जुन्या कपॅसिटरच्या पाठीवर वीज चालून काळी रेघ जळली होती, तो बदलला. मग बल्बच्या उबेत सगळं वाळवलं. दुपारी चालू केला, संध्याकाळी बंद केला. रेघ केसभर हलली नाही. पहिली तांबूस काडी मात्र मी औषधाच्या रिकाम्या बाटलीत बंद करून ठेवली.

शनिवारी मीटिंगच्या आधी रोह्याला पोचलो. सर यायचे होते. लॅबमधले अटेंडंट दामूमामा यांनी स्कोप उचलायला हात लावला. चालू करून दाखवला तसे खुश झाले.

“आला परत! आरं, गनपतीत काय शोभला ता! थांब, तुला दावतो.”

त्यांनी मोबाइल काढला. व्हिडिओ आरतीचा. लॅबमध्ये गणपती, भोवती मखर, आणि गणपतीच्या डोक्यामागं बरोबर आमचा स्कोप. पडद्यावर हिरवी वर्तुळं गोल फिरतायत, देवाच्या मागच्या प्रभावळीसारखी. दोन्ही बाजूंची पॅनल काढलेली. आत व्हॉल्व्ह लाल पेटलेले. खरं सांगतो, दिसत सुंदर होतं.

“मामा, हे मखर कुठं रंगवलं?”

“इथंच. गनपती बसवायच्या दिवशी सगला जमवला, तर सर बोलले मखर लय पांढरा दिसतो. स्प्रेचे चार डबे आनले. ह्यो बघ.”

दुसरा व्हिडिओ. देसाई सर, रुमाल तोंडाला, डाव्या हातात स्प्रेचा डबा. मागं स्कोप चालू, पॅनल उघडी, वर्तुळं फिरतायत. हवेत तांबूस ढग. आणि त्या ढगाला ओढून घ्यायला आत साडेआठ हजार व्होल्ट तयार.

मखर अजून लॅबच्या कोपऱ्यात उभं होतं. मी नवी काडी ओली केली आणि त्यावरून फिरवली. बाटलीतल्या काडीशेजारी धरली. तोच रंग.

तेवढ्यात सर आले. मी चालू स्कोप दाखवला, दोन काड्या दाखवल्या, काय झालं ते सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आलो होतो. चढला थोडा.

“धूळ कुठलीही असू शकते,” सर म्हणाले. “आणि पॅनल काढायला कुणी सांगितलं होतं? दामू?”

“तुमीच की, सर,” दामूमामा अगदी सरळपणे म्हणाले. “व्हॉल्व दिसले पायजेत म्हनलात. पोरांना विज्ञान कलंल म्हनलात.”

सरांनी फाइलमधून रिपोर्ट काढला. मग म्हणाले, “ठीक आहे. रिपोर्ट बदलू. जुनं यंत्र, नैसर्गिक बिघाड.”

“नैसर्गिक नाही, सर.”

“अहो, आता चालू झालंय ना?”

चालू झालंय ना! म्हणजे झालं. मखर रंगवलं याचा मला राग नव्हता. माझ्या हातूनही अशी चूक झाली असती, अर्धा तास मी ती माझीच धरून बसलो होतो. राग याचा होता की बोट दाखवायच्या आधी यांनी एक स्क्रूसुद्धा फिरवला नाही. शिकलेले हे, लॅब यांची, टॉर्च यांच्या टेबलावर. यांना बिघाड शोधायची गरज पडली नाही, कारण आठवीवाला सापडला होता.

“सर, रजिस्टरमध्ये झालं ते लिहा. पॅनल काढून चालवला, शेजारी स्प्रे मारला. नाहीतर मी तिथं बसतो, कमिटी आली की मामा व्हिडिओ दाखवतील.”

“हां, दावतो की,” दामूमामा उत्साहानं म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की सगळे सजावटीचं कौतुक करतायत.

सरांनी लिहिलं. अक्षर बारीक काढलं, पण लिहिलं. मी शेजारी उभा राहून वाचलं. आधीचा रिपोर्ट घडी करून ड्रॉवरमध्ये गेला. माफी नाही. “चहा घेणार?” एवढंच. मी नको म्हणालो. संध्याकाळी काकांकडे जेवायला गेलो तेव्हा ते यावरच चिडले. “चाय कशाला सोडलास, येड्या? लिवून घेतलास ना? मंग चायपन घ्यायची.”

तीन गेटांवरचे माझे पास अजून चालू आहेत. स्कोपही चालू आहे. त्याच्या कडेला मी मार्करनं लिहून ठेवलंय, ‘चालू असताना पॅनल काढू नये. आरतीलासुद्धा नाही.’ या धंद्यात मी एवढं शिकलो. हाय व्होल्टेजचं झाकण काढायचं असेल तर आधी हवेत काय उडतंय ते बघावं. आणि कुणावर आळ घ्यायचा असेल तर आधी झाकण काढावं.

तो फॉर्म राहिलाच सांगायचा. निघताना सरांनी मागितला. मी टेबलावर ठेवून त्यांच्यासमोरच तो रकाना भरला आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी वाचला, चष्मा वर करून परत वाचला.

“हे काय?”

“पात्रता, सर.”

लिहिलं होतं : आठवी. एक हात खिशात.